शेवटच्या रांगेतली मखमल

गोळ्या सुटल्या की माणूस सुटला, असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटलं होतं. पाठीच्या ऑपरेशननंतर अंगवळणी पडलेल्या दुखण्यावरच्या गोळ्या, त्या सोडतानाचे दिवस वाईट होते, ते मी नाकारत नाही. डॉक्टरांनी बेताबेताने डोस उतरवला, तरी घामाने चादर भिजायची, पाय जागेवर ठरत नसत. पण त्या दिवसांत घरात माझा मान काय होता! बायको उशाशी बसून असायची, मेहुणा फळं घेऊन यायचा. सगळं पार पडलं तेव्हा त्याने माझ्या पाठीवर, ऑपरेशन झालेल्या पाठीवर, दणकन थाप मारली आणि म्हणाला, "भाऊजी, जिंकलात!"

त्यानंतर मी जिंकलेला माणूस म्हणून जगू लागलो आणि मला काहीच आवडेनासं झालं.

दुःख म्हणावं तर तेही नव्हतं. दुःखाला निदान काही कारण लागतं. सकाळी उठायचो तो दमलेलाच. दात घासून झाले की बसावंसं वाटायचं. जेवण चांगलं झालंय हे जिभेला कळायचं, पण मला त्याचं काही नसायचं. कुणी विनोद केला की मी वेळ बघून हसायचो, आणि तेवढ्यानेही थकायचो. मग फळं थांबली. बऱ्या झालेल्या माणसाला कोण फळं आणतो?

माझा धंदा जुन्या सोफा-खुर्च्या नव्याने मढवण्याचा. घराखालच्या खोलीत कारखाना, कापणं माझं आणि शिवणं बायकोचं. पाठ गेली ती याच धंद्यात. तीन माणसांचा सोफा जिन्यावरून उतरवताना पायरी चुकली, आणि सोफ्याला ओरखडाही आला नाही. पूर्वी मी सकाळी उसवायला घेतलेली खुर्ची संध्याकाळी मढवून द्यायचो. आता अर्धे खिळे उपसले की फोमच्या गठ्ठ्यावर आडवा. बायकोचं मशीन चालू असायचं, ती मान वर करून बघायची आणि काही बोलायची नाही. तिच्या न बोलण्याचा मला राग यायचा. बोलली असती तरी आला असता.

मेहुण्याचे सल्ले मात्र चालू होते. "पहाटे फिरायला जा. गाणी ऐका. मन रमवा, भाऊजी." मन रमवायला आधी ते जागेवर तर हवं! डॉक्टरांचं म्हणणं त्यातल्या त्यात बरं होतं. ते म्हणाले, "गोळ्यांनी मेंदूचं बरंच काम आपल्याकडे घेतलं होतं. आता त्याला ते नव्याने जमवायचंय. महिने जातील. थोडं काम, थोडं चालणं, वेळेवर झोप, आणि मन फारच खचलं तर सरळ माझ्याकडे या." मी मान डोलावली. शिकाऊ मेंदू डोक्यात घेऊन धंदा कसा करायचा, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

सरळ त्यांच्याकडे जायला हवं होतं. पण फोमवर पडल्यापडल्या मला वेगळंच आठवायला लागलं होतं. गोळ्यांच्या दिवसांत आम्ही एका नाट्यगृहाच्या सगळ्या खुर्च्या मढवल्या होत्या, गर्द लाल मखमलीने. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं काम. तेव्हा पाठ दुखायची नाही, हात थांबायचा नाही, मी गुणगुणत कापायचो. आणि आता साधी उशी कापताना कात्री जड व्हायची. हिशेब माझ्यापुरता सोपा होता. गोळ्या होत्या तेव्हा मी कारागीर होतो, सुटल्या आणि ओझं झालो.

म्हणून मी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या, मला न ओळखणाऱ्या एका डॉक्टरची दुपारची वेळ घेतली. पाठ फार दुखते म्हणायचं, व्रण दाखवायचा, गोळ्यांचं नाव त्यांच्याच तोंडून येऊ द्यायचं. सगळं ठरवून ठेवलं. फक्त त्या दिवशी दाढी केली, तिथे फसलो.

"कुठे निघालात?" बायकोने विचारलं.

"कापड बघायला."

"दाढी करून?"

मला खोटं नीट बोलता येत नाही. उलट मीच चिडलो. दाराशी उभं राहून सगळं ओकून टाकलं, डॉक्टर, वेळ, व्रण. "अर्धवट माणूस म्हणून जगण्यापेक्षा गोळ्या बऱ्या!" मी ओरडलो. "तेव्हा निदान कामाचा तरी होतो. नाट्यगृह आठव. तसं एक तरी काम आता होतंय का माझ्या हातून?"

मला वाटलं ती रडेल, नाहीतर भांडेल. मी दोन्हींची तयारी ठेवली होती. तिने मशीनवरचं कापड बाजूला केलं, चपला घातल्या.

"आधी माझ्याबरोबर एका ठिकाणी चला," ती म्हणाली. "मग कुठे जायचं तिथे जा. मी अडवणार नाही."

ती मला नाट्यगृहातच घेऊन गेली. दिवसाचा प्रयोग नव्हता. वॉचमन आम्हाला ओळखत होता, त्याने वरचे दोनचार दिवे लावून दिले आणि तो बाहेर जाऊन बसला. पुढच्या रांगा बघितल्या. देखण्या होत्या, खोटं कशाला बोलू? "बघ," मी म्हणालो. ती थांबली नाही. मधल्या वाटेने चालत सरळ मागे गेली, बाल्कनीच्या खाली, जिथे उजेड जेमतेम पोचतो.

"हात फिरवा," ती म्हणाली. "वरून खाली."

मखमलीला लव असते. वरून खाली हात फिरवला की ती सपाट बसायला हवी, मांजराच्या पाठीसारखी. म्हणून कापताना प्रत्येक तुकड्यामागे खडूने बाण काढायचा आणि बाणाचं टोक खाली ठेवायचं. तुकडा उलटा लागला तर लव उभी राहते, रंगही वेगळा दिसतो. हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण.

मी हात फिरवला. लव उभी राहिली. पुढच्या खुर्चीवर फिरवला, तिथेही तेच. मी रांगेच्या टोकापर्यंत गेलो. पूर्ण रांग उलटी होती.

"हे कुणी कापलं?" मी विचारलं, जणू आमच्या कारखान्यात कापणारे दहाजण होते.

"खुर्च्यांच्या पाठींची वरची बाजू गोल, त्यामुळे तुकडे नंतर फिरवूनही लावता येईनात," ती म्हणाली. "त्या रंगाचं कापड संपलं होतं. मग मी आणि दादाने सगळे उलटे तुकडे निवडून इथे अंधारात लावले."

म्हणजे मेहुण्यालाही माहीत होतं! ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही तो माणूस इतके दिवस गप्प होता. मला त्याचाच धक्का आधी बसला. मग लाज वाटली, कानापर्यंत.

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं." ती शेजारच्या खुर्चीला टेकली. "त्याच दिवशी, तुकडे हातात देऊन सांगितलं. तुम्ही हसलात. म्हणालात, काय फरक पडतो, छान दिसतंय. आणि परत गुणगुणायला लागलात."

मला यातलं काही म्हणजे काहीच आठवत नव्हतं. तुकडे नाहीत, तिचा चेहरा नाही, माझं हसणंही नाही. गुणगुणणं तेवढं आठवत होतं. मी खाली बसलो. हे आठवत नाही तर आणखी काय काय आठवत नसेल, असं मनात आलं आणि आई आठवली. ती गेली तेव्हा हेच काम चालू होतं, गोळ्याही चालू होत्या. मुलगा खंबीर निघाला, असं लोक म्हणाले होते, आणि मीही तेच धरून चाललो होतो.

"आई गेली तेव्हा," मी विचारलं, "मी काय केलं होतं?"

तिने खुर्चीच्या शिवणीवरून बोट फिरवलं.

"आल्यागेल्याला बसायला दिलंत. सगळ्यांशी नीट बोललात."

"रडलो?"

"नाही. तिला आता दुखत नसेल म्हणालात, आणि आत जाऊन झोपलात. छान झोप लागली होती तुम्हाला."

मी खिशातून फोन काढून तिच्या हातात दिला. "त्या डॉक्टरांना कळव. मी येत नाही. आणि आपल्या डॉक्टरांची उद्याची वेळ माग, मला त्यांना खरं काय ते सांगायचंय." एवढं धड बोललो. मग छातीत काहीतरी हललं. बऱ्याच दिवसांत तिथे काही हललं नव्हतं, म्हणून ते काय आहे हेच आधी कळेना. तोंडातून "आई गं" निघालं आणि मी समोरच्या खुर्चीवर डोकं टेकून मोठमोठ्याने रडायला लागलो. बायको पाठीवरून हात फिरवत राहिली.

आवाज ऐकून वॉचमन दारात आला. काय झालं, दिवे बंद करू का, असं काहीतरी त्याने विचारलं.

"थोडं थांबा," बायको म्हणाली. "यांची आई गेलीये."