कोंडिबाचा दोर

१९६३ च्या हिवाळ्यात फौजेतल्या नव्या रंगरुटांना दोरावरून कडा उतरायला शिकवण्यासाठी ताम्हिणीजवळ आणलं होतं. माणचा नथू त्यांतलाच. नांगर धरून हात राठ झालेले, पण कड्याच्या टोकाशी गेला की तो दोन पावलं मागे सरायचा.

त्या सकाळी त्याच्याच तुकडीतला कोंडिबा खाली उतरत होता. त्याच्या कमरेच्या दोराचं दुसरं टोक जांभळीच्या बुंध्याला वेढा देऊन नथूने धरलं होतं. तेवढ्यात नथूच्या पायाखालची मुरमाड माती सरकली. आपणच ओढले जातोय, असं वाटून त्याने हात उघडले.

खालून धप्प आवाज आला.

कोंडिबा दहा हात खालच्या टप्प्यावर पडला होता. त्याला वर घेतलं तेव्हा कपाळ फुटलेलं, गुडघा सोललेला. टप्पा नसता तर थेट दरी होती.

त्यांना शिकवणाऱ्या हवालदार हैबतरावांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. "काय झालं?"

"माझाच पाय निसटला, उस्ताद," कोंडिबा खाली बसूनच म्हणाला. "दोराला हिसका बसला."

नथूने त्याच्याकडे पाहिलं. पडताना कोंडिबाचं तोंड वरच होतं. त्याने सगळं पाहिलं होतं. आता गप्प राहिलं तर सुटका होती. बोललं तर घरी हाकलतील, गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. तरी नथू रांगेतून एक पाऊल पुढे आला.

"दोर मी सोडला, उस्ताद. भ्यालो."

हैबतरावांनी तोच दोर उचलून स्वतःच्या कमरेला बांधला. "धर."

"उस्ताद, मला न्हाई जमायचं."

"भीती वाटंल. वाटू दे. हात उघडायचा न्हाई."

ते कड्याआड गेले. दोर ताणला गेला. नथूच्या तळव्यांची साल निघत होती. माती पुन्हा सरकली. त्याने डोळे मिटून बुंध्याला पाय रोवले आणि मोठ्याने आकडे मोजत राहिला. खालून पोहोचल्याची शिट्टी वाजली तेव्हा तो दोनशे अकरावर होता. बोटं सोडवायला दोघांना यावं लागलं.

नंतर तंबूत तो कोंडिबापाशी बसला.

"खोटं का बोललास?"

"तुला हाकललं असतं."

नथूने पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला.

"आठ दिवसांनी मी परत उतरणार," कोंडिबा म्हणाला. "दोर तूच धर. पर भ्या वाटलं तर आधी वरडून सांग मला."