एकेचाळीस सेकंदांची ओटी

तो व्हिडिओ मी काढला. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेल्या चार महिन्यांत 'मी केलं' असं म्हणणारा माणूस मला दिल्लीपासून वेल्ह्यापर्यंत कुठं भेटलेला नाही. निदान एक तरी असावा.

माझं नाव कुमार. वेल्ह्यात एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्स काढायचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. घर पासलीला. व्हिडिओतली म्हातारी माझी चुलती, सखूबाई. तिचा मुलगा हनुमंत निमलष्करी दलात होता. सहा वर्षांपूर्वी एका नाक्यावर स्फोट झाला, त्यात तो गेला. स्फोट घडवणारा सापडला, त्याला जन्मठेप झाली. निकालाच्या दिवशी काकी एवढंच म्हणाली, "आता त्यो बी आपल्या घरी जेवायला जायचा न्हाई." त्या माणसाचं नाव आमच्या घरात कुणी घेत नाही. 'तो' म्हटलं की पुरतं.

घरात मागे राहिले काकी, तिचे यजमान मानसिंगतात्या, हनुमंताची बायको स्नेहलवहिनी आणि आता आठ वर्षांची झालेली शिवानी. वहिनीचं माहेर मार्गासनीचं. भाऊ न्यायला आले होते, ती गेली नाही. "आत्या, मला हितंच राहू द्या," म्हणाली आणि राहिली. सासू-सुना एका ताटात जेवायच्या. ही गोष्ट त्या ताटाची आहे. पुढारी उगाच मधे आले.

जानेवारीत, भात झोडून घरात येऊन पडलं होतं तेव्हा, भोरहून एक गाडी आली. साहेब गाडीपाशीच थांबले, बाई एकट्या अंगणात आल्या. पद्मजाताई. साहेब म्हणजे त्यांचे यजमान उपेंद्र, कॉलेजात नोकरीला. त्यांचा मुलगा अद्वय मालवाहू जहाजावर होता आणि ते जहाज परदेशातल्या एका हत्यारबंद टोळीनं पळवून नेलं होतं. अकरा पोरं दहा महिने अडकून पडली होती. हे सगळं पेपरात येऊन गेलं होतं, त्यामुळं बाईंना ओळख सांगावी लागली नाही.

त्या उंबऱ्यावरच बसल्या. काकीनं आत बोलावलं तरी आत येईनात. "मला तुम्हाला एक सांगायचंय," असं तीनदा म्हणाल्या आणि तिन्ही वेळा गप्प झाल्या. काकीला वाटलं, लेकराच्या काळजीनं शब्द फुटत नाही. काकीच काय, मलाही तेच वाटलं.

आमच्याकडं सवाष्ण पहिल्यांदा दारात आली की तिला मोकळ्या ओटीनं परत लावत नाहीत. दुःख घेऊन आलेलीला तर नाहीच नाही. काकी उठली, सुपात नवा इंद्रायणी घेतला, नारळ घेतला, ट्रंकेतला खण काढला. पाच ओंजळी तांदूळ घातले आणि म्हणाली, "माझा आला न्हाई. तुझा येऊ दे. भरल्या घरात येऊ दे." पद्मजाताईंनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं ते लवकर उचललंच नाही.

माझे डोळे भरून आले, आणि डोळे भरून आले की हल्ली माणूस मोबाईल काढतो. एकेचाळीस सेकंद. 'एका आईनं दुसऱ्या आईची ओटी भरली' असं लिहून स्टेटसला टाकलं. ओटी भरून घेणारीनं त्यातले चार दाणे घरच्या बाईला परत द्यायचे असतात. पद्मजाताई ते न देताच निघून गेल्या. काकी म्हणाली, "असू दे, दुखात इसरतं मानूस." त्या दिवशी वहिनी माहेरी गेली होती. संध्याकाळी तिनं व्हिडिओ पाहिला आणि ती पण रडली.

तीन आठवड्यांनी अकरा पोरं सुटली. भोरच्या चौकात जेसीबीतून फुलं उधळली. अद्वय खांद्यावर बसून गेला; पोरगा नुसता इकडंतिकडं बघत होता, त्याला कुणी विचारलंही नाही की बाबा, तुला उतरायचंय का. फ्लेक्सवर त्याचा फोटो बोटाएवढा आणि आनंदरावांचा फोटो घोंगडीएवढा. आनंदराव म्हणजे आमच्याकडचे सत्तेतले पुढारी. विरोधातले बंडूदादा, त्यांनीही फ्लेक्स लावला: पाठपुराव्याला यश. दोन दिवस पोरांना आणणारे पन्नास जण होते.

तिसऱ्या दिवशी कळलं की पोरं फुकट आली नव्हती. त्यांच्या बदल्यात आपल्या तुरुंगातले चौघं सोडले होते. टीव्हीवर चार फोटो आले. तिसरा 'तो' होता. तिकडं त्याच्या गळ्यात हार घालून मिरवणूक चालली होती.

वहिनी भाकरी थापत होती. तिनं टीव्हीकडं पाहिलं, तव्यावरची भाकरी करपेपर्यंत पाहिलं आणि उठून शिवानीच्या डोळ्यांवर हात ठेवला.

मग सुरू झाला तमाशा. दिल्ली म्हणाली, यादी राज्यानं दिली. राज्य म्हणालं, आम्ही फक्त कागद पुढं पाठवला. आत्ताचे म्हणाले, बोलणी आधीच्यांच्या काळात ठरली. आधीचे म्हणाले, आम्ही बोलणी केली, सोडलं कुठं? एकानं तर तुरुंगाच्या अधीक्षकावर खापर फोडलं, जणू तोच दार उघडं टाकून चहाला गेला होता. परवापर्यंत आपल्या पोळीवर तूप ओढणारे सगळे कानावर हात ठेवून बसले. फ्लेक्स एका रात्रीत उतरले. उरल्या त्या नुसत्या सुतळ्या, खांबांना लटकलेल्या.

मी काकीच्या नावानं अर्ज लिहिले, टाइप केले, प्रिंट काढल्या. अर्जात एकच प्रश्न होता: सही कुणी केली? तात्या अंगठ्याला शाई लावून म्हणाले, "आपला अंगठा तेवडा खरा. त्यांच्या सहीचा पत्ताच न्हाई." काकीला घेऊन मी आनंदरावांच्या बंगल्यावर गेलो. त्यांनी तिच्यासमोर हात जोडले आणि म्हणाले, "आई, वरून आलं. आमच्या हातात काय असतं?" बंडूदादांकडं गेलो, तर ते म्हणाले, "मावशी, सत्तेत ते हायेत, आमच्या हातात काय असतंय?" एवढ्या मोठमोठ्या माणसांच्या हातात काहीच नाही हे मला पहिल्यांदाच कळलं.

आणि एका दुपारी आनंदरावांच्या हातात काहीतरी आलं. माझा व्हिडिओ. पत्रकारांसमोर त्यांनी तो मोठ्या पडद्यावर लावला. "ज्या घरानं मुलगा गमावला, त्या घराची संमती होती," म्हणाले. "ही बघा वीरमाता. हिनं स्वतः ओटी भरून सांगितलं, तुझा येऊ दे. आम्ही त्या माउलीच्या शब्दाबाहेर गेलो नाही." पाच मिनिटांत बंडूदादांचं उत्तर आलं: ह्या सरकारनं भोळ्या म्हातारीकडून संमती उकळली. म्हणजे एक म्हणाला दिली, दुसरा म्हणाला घेतली. संमती होती यावर मात्र दोघांचं एकमत झालं. दिल्लीहून निघालेलं खापर राज्य, जिल्हा, तालुका करत पासलीच्या शेवटच्या घरात येऊन फुटलं. त्याच्या पुढं डोंगरच आहे, आणखी खाली ढकलायला माणूस नव्हता.

मी व्हिडिओ डिलीट केला. बैल गेला आणि झोपा केला. तोवर तो लाखो मोबाईलमध्ये गेला होता.

गावात बायका कुजबुजायला लागल्या. वहिनीनं चार दिवस ते ऐकलं. पाचव्या दिवशी तिनं सासूला विचारलं, "आत्या, ती बाई काय मागायला आली हुती?" काकी म्हणाली, "काय न्हाई गं. आशीर्वाद." "मंग टीव्हीवर काय म्हणत्यात?" कुणीतरी घातलेल्या कोड्याचं उत्तर काकी कुठून देणार? वहिनीनं शिवानीचं दप्तर भरलं आणि सकाळच्या एसटीनं मार्गासनीला गेली. काकी ताटात एकटीच जेवायला बसली, दोन घास खाल्ले आणि ताट सारलं. मला तिच्याकडं बघवेना. मीच तिच्या घराला चूड लावली होती.

मेमध्ये एक दिवस ती माझ्या दुकानात येऊन बसली. "अर्ज बास झाले," म्हणाली. "मला कुनाची सही नगं. त्या भोरच्या बाईनं निसतं माझ्या सुनंला येऊन सांगावं, का म्या काय कबूल केलं न्हवतं. येवडंच. मंग स्नेहल येईल."

आम्ही भोरला गेलो. उपेंद्र साहेबांनी दार अर्धंच उघडलं. "आम्हाला कुणाशी बोलू नका असं सांगितलंय," म्हणाले. कुणी सांगितलं हे त्यांनीही सांगितलं नाही. आतल्या खोलीचं दार बंद होतं, आत पंख्याचा आवाज येत होता. अद्वय तिथं होता. तो कुणासमोर येत नाही, दिवे लावू देत नाही. माझा त्याच्यावर राग होता. त्या बंद दाराकडं पाहून तो राग कुठं ठेवावा ते मला समजेना.

पद्मजाताई स्वयंपाकघरातून एक पिशवी घेऊन आल्या. तेच तांदूळ, तोच खण, नारळाला कोंब फुटलेला. "मला हे शिजवता आलं नाही," म्हणाल्या. "मला माहीत होतं, सखूबाई. यादीत तो आहे हे आम्हाला फोनवर सांगितलं होतं. त्या घरानं आरडाओरडा केला तर सगळं फिसकटेल, जाऊन भेटून या, म्हणाले. मी तेच सांगायला आले होते. तुम्ही सूप घेऊन बाहेर आलात आणि माझं तोंड उघडेना."

मला वाटलं काकी आता कडाडेल. ती पिशवीत हात घालून तांदूळ बघत राहिली. "किडं लागलं यात," म्हणाली. "शिजवायचं हुतंस बाई. तांदळानं काय केलं हुतं?" आणि मग, "माझ्या सुनंला सांगशील येवडं?"

साहेब नको नको म्हणत असताना पद्मजाताईंनी चपला घातल्या.

मार्गासनीला वहिनीच्या माहेरच्या ओसरीवर आम्ही तिघं बसलो. शिवानी पळत येऊन आजीच्या मांडीत शिरली. "आजी, कपिली व्याली का?"

"व्याली. कालवड झाली."

"मला बघायचीय."

"बघू आं. तुझ्या आईला इचारू," काकी म्हणाली आणि तिनं नातीचे केस कानामागं सारले.

पद्मजाताईंनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, स्वतःला सोडलं नाही. चार महिन्यांत खरं बोलताना पाहिलेलं ते पहिलं माणूस. वहिनी खांबाला टेकून ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती सासूकडं वळली.

"म्हंजी तुमाला म्हाईत न्हवतं."

"न्हवतं गं. आईची आण."

काकीच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी जरा उजेड आला. मी मनात एसटीचं टाइम बघायला लागलो, चौघांची तिकिटं. तेवढ्यात वहिनी म्हणाली, "आन् म्हाईत असतं तर? ह्यांनी उंबऱ्यावर बसून सांगितलं असतं, का माझं पोर यायचंय आन् त्येच्यापायी तुमच्या हनुमंताला मारणारा सुटनार हाय. मंग वं, आत्या? मंग भरली नसती ओटी?"

खोटं बोल, काकी. मी मनातल्या मनात ओरडत होतो. एकदाच बोल. सगळा देश बोलतोय, तुला कोण विचारतंय. 'न्हाई' एवढं एकच म्हण आणि पोरीला घेऊन घरी चल.

काकी बराच वेळ शिवानीच्या वेणीशी चाळा करत राहिली.

"शिव्या दिल्या असत्या," ती म्हणाली. "ऊर बडवला असता. पर ती दारात बसलीवती गं, पोरासाठी. तिला मोकळी कशी लावली असती?"

पद्मजाताईंनी तोंडावर पदर घेतला. वहिनी रडली नाही. "मला ठावं हुतं," म्हणाली. "तुमी तशाच हाय. तुमच्यावर राग न्हाई माझा. पन मला तिकडं यायला जमायचं न्हाई, आत्या. तुमी खोटं बोलला असता तर आले असते." तिनं शिवानीचा हात धरून तिला मांडीवरून उठवलं आणि आत नेलं. आतून शिवानी विचारत होती, कालवड कधी बघायची.

पद्मजाताई गाडीनं सोडते म्हणाल्या. काकी नको म्हणाली. आम्ही मार्गासनीच्या स्टँडवर एसटीची वाट बघत उभे राहिलो. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिनं हातानंच गप्प केलं.

एक तरुण बाई कडेवर तान्हं घेऊन आली, काकीकडं निरखून बघायला लागली. "तुमी त्या व्हिडिओतल्या आजी नव्हं?" म्हणाली आणि काकी काही बोलायच्या आत तिनं लेकरू काकीच्या पायांवर घातलं. "ह्येला आशीर्वाद द्या आजी. सारखं आजारी पडतंय."

काकीचा हात आपसूक वर उठला. आयुष्यभराची सवय ती. तोंडात शब्दही आला असणार, कारण ओठ हलले. पण हात लेकराच्या डोक्यावर टेकायच्या आधीच थांबला. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"कुमार, मोबाईल कुठाय तुझा?"

"खिशात हाय, काकी," मी दोन्ही हात पुढं करून दाखवले. "बंद हाय."

तिनं माझे मोकळे हात पाहिले, त्या बाईकडं पाहिलं, रस्त्यापलीकडच्या टपरीवर उभ्या असलेल्या माणसांकडं पाहिलं. मग हात तसाच खाली घेतला आणि पदराआड लपवला.

"उचल बाई लेकराला," ती म्हणाली. "माझ्या तोंडातनं काय नगं निघाया."