नुसत्या तेलाची डिश

पेशी वाढवायच्या खोलीला खिडकी नव्हती. बाहेर पडायचं तर एकच दार, आणि दाराच्या काचेत सरांचा चेहरा. धाकटीने मान वळवली नाही. प्रयोगशाळेत सगळ्यांत शेवटी आली म्हणून तिला सगळे धाकटीच म्हणत.

शिरेतून देतात ते भुलेचं औषध दुधासारखं पांढरं असतं, कारण ते तेलात घोटलेलं असतं. गेली दोन वर्षं ती ते रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींवर घालत होती. एरवी फरशीसारख्या चिकटून बसणाऱ्या पेशी औषध पडलं की अंग चोरत आणि मधे फटी पडत. शेजारच्या डिशमध्ये नुसतं खारं पाणी. तिथे फट नाही. तेव्हा दोष औषधाचा, असं सर उद्या भरसभेत सांगणार होते. तिची पदवीही त्यावरच उभी होती.

परवा बाटली पुसताना तिच्या ध्यानात आलं. निव्वळ तेल घालून कुणी पाहिलंच नव्हतं.

आज तिने पाहिलं. औषधाचा थेंबही नसलेल्या डिशमध्ये त्याच फटी.

सर काचेपासून हलल्यावर डिश सिंकमध्ये ओतायची तर कोण बघणार होतं? पण जो आपल्याच आत बसून बघतो, त्याच्या तोंडावर कुठलं दार लावायचं?

सर आतच आले. "उद्याचे फोटो देतेस ना? का पेशींना पावडर लावून बसवतेयस?"

ती स्टुलावरून उठली. "तुम्हीच बघा, सर."

सरांनी तिच्या स्टुलावर बसून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "वा, काय फटी आल्यात. औषधाचीच ना ही?"

"नुसत्या तेलाची."

सरांचा डोळा तिथेच राहिला. ते वाटेत बसलेले, ती भिंतीला टेकलेली. पंखा घरघरत होता.

"कुणाला बोललीस?"

"तुम्हालाच."

"मग राहू दे तुझ्या पोटात."

"ठेवून बघितलं, सर. जेवण जात नाही."

सरांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला. "दोन वर्षं गेली की गं तुझी."

"हो."

"उद्या फटी दाखवीन. तेलानेही पडतात, तेही सांगीन."

म्हणाले खरे, पण स्टुलावरून उठता उठेनात. आणि ते उठल्याशिवाय तिलाही दारापर्यंत जाता येत नव्हतं.