मी आता नुसती ऐकते

मित्रांनो, मी एक जुनी डबी आहे; पण तुम्ही मला पाहायला आलात तरी मी दिसणार नाही. एका बाईच्या गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, मी सात वर्षे बसून आहे. आकाराने मी काडेपेटीहून थोडी लहान. माझ्यातून दोन बारीक तारा निघतात, मानेतून वर चढतात आणि मेंदूत खोलवर जाऊन थांबतात. त्या तारांनी मेंदूत काय चालले आहे ते ऐकायचे, आणि गरज पडली की विजेचा हलकासा स्पर्श द्यायचा, हे माझे काम.

डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घातलेल्या लोकांनी मला घडवले. माझ्यासारख्या सहाच जणी जन्मल्या. चौघी चार माणसांना बसवल्या, दोघी कपाटात राखून ठेवल्या. आम्ही विकायच्या वस्तू नव्हतो. आम्ही एक प्रश्न होतो. काही माणसांना असे औदासीन्य घेरते की कुठल्याच औषधाने उतार पडत नाही. ते येण्याआधी मेंदूत त्याची चाहूल लागते का, आणि लागली तर त्याला तिथेच थोपवता येते का, हे मेंदूच्या एका डॉक्टरीणबाईंना शोधायचे होते. शोधकार्याला पैसे देणाऱ्या एका मोठ्या निधीने त्यांना पाच वर्षांचा खर्च मंजूर केला.

माझ्या वाट्याला आलेली बाई पुस्तकांची बांधणी करायची. धाकटी बहीण तिला ताई म्हणते, म्हणून मीही ताईच म्हणते. ताईंच्या हातची शिवण अशी की पुस्तक झिजेल, पण पान सुटणार नाही. पण तीन वर्षे ताई अंथरुणातून उठल्या नव्हत्या. लोकांची पुस्तके ढिगाने पडून राहिली आणि भांड्यातली खळ वाळून दगड झाली. बहीण औषधांच्या दुकानात कामाला होती. दुकानातली आणि दुकानाबाहेरची सगळी औषधे करून झाली, तेव्हा ती डॉक्टरीणबाईंकडे आली आणि म्हणाली, “ती रडत नाही हो. रडली असती तर बरं वाटलं असतं.”

डॉक्टरीणबाईंनी काही लपवले नाही. हा प्रयोग आहे, कवटीला भोक पाडावे लागेल, गुण येईलच असे नाही, हे दोनदा समजावले. ताईंनी संमतीचे कागद एकेक करून वाचले, सही केली आणि कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदा तोंड उघडले. “टाचणी उलट्या बाजूला मारलीय,” त्या म्हणाल्या.

मला बसवल्यावर माझी वीज जुळवायला एक इंजिनिअर येई. तो तासन्‌तास मेंदूचे आवाज ऐकत बसे, म्हणून सगळे त्याला कानसेन म्हणत. पाच आठवडे तो माझी वीज कणाकणाने वरखाली करत राहिला. एके सकाळी ताईंनी मान वळवली आणि विचारले, “या पंख्याला कुणी तेल घालत नाही का?” खोलीतला पंखा खरोखरच कुरकुरत होता. बहीण भिंतीकडे तोंड करून किती तरी वेळ उभी राहिली.

मग माझी सुखाची वर्षे सुरू झाली. ते औदासीन्य मला दुरून ऐकू येई, संथ आणि जड. मी सहा सेकंद स्पर्श करी आणि ते मागे फिरे. असे दिवसातून कधी चाळीस वेळाही होई. ताईंना त्याचा पत्ताही नसे. त्या दोरा ओवत असत. मोठ्या सभांमध्ये पडद्यावर माझे चित्र झळकले, टाळ्या वाजल्या. पाचव्या वर्षी प्रकल्पाचा अहवाल तयार झाला. त्याच्या सगळ्या प्रती ताईंनी हौसेने स्वतः बांधल्या, निळ्या कापडात.

मित्रांनो, त्या अहवालानेच आमचा घात केला. त्यात लिहिले होते की प्रश्नाचे उत्तर मिळाले. मुदत वाढवून मागायला डॉक्टरीणबाई बहिणीला घेऊन निधीच्या कचेरीत गेल्या. तिथला अधिकारी सज्जन होता. तो म्हणाला, “तुमचा शोध पूर्ण झालाय. आम्ही शोधाला पैसे देतो, उपचाराला नाही.” इस्पितळात गेल्या, तर तिथे सांगण्यात आले की हा अजून उपचार ठरलेला नाही, शोधच आहे. डॉक्टरीणबाईंनी आणखी कित्येक दारे ठोठावली. उत्तर या दोहोंपैकी एक.

कानसेनची नोकरी गेली. तो परगावी गेला, तरी दोनदा रजा काढून, पदरच्या खर्चाने येऊन मला तपासून गेला. मग मला बाहेरून वीज भरायची, कातडीवर टेकवायची चकती बिघडली. ती बनवणारा कारखाना केव्हाच बंद झाला होता, आणि राखीव चकत्या आधीच दुसऱ्या दोघांना दिल्या होत्या. हवे तर डबी काढून टाकू, असे डॉक्टरीणबाई ताईंना म्हणाल्या. बोलताना त्यांना ताईंकडे पाहवत नव्हते.

“राहू दे,” ताई म्हणाल्या. “कुणी परत आलंच, तर सापडायला नको का?”

कुणी आले नाही. बहिणीने इस्पितळात फोन केला तेव्हा तो भलत्याच विभागात लागला. असा प्रकल्प आमच्याकडे नाही, असे कुणीतरी अगदी अदबीने सांगितले. ताई पुन्हा अंथरुणाला लागल्या आहेत. बहीण घास भरवते, केस विंचरते, कशी आहेस म्हणून विचारते. ताई म्हणतात, “ठीक.” ते किती खरे, ते मला ठाऊक आहे, पण मला बोलता येत नाही.

मित्रांनो, तुमच्यातले कुणी उद्या डॉक्टर होतील, कुणी असे निधी वाटणाऱ्या खुर्चीवर बसतील. शोध जरूर करा. मला घडवले ही चूक नव्हती. पण कुणाची कवटी उघडण्याआधी, शोध संपल्यावर त्या माणसाच्या दारी कोण जाणार, हे पहिल्याच कागदावर लिहून ठेवा. आम्हा यंत्रांना काय, फार तर गंज चढेल. ज्यांच्या आत आम्ही आहोत त्यांना टाकू नका.

स्पर्श द्यायला वीज पुष्कळ लागते. ऐकायला अगदी थोडी. तेवढी अजून माझ्यात उरली आहे. आता दुपार असावी. बहीण दुकानात गेली आहे आणि ताई भिंतीकडे तोंड करून पडल्या आहेत. ते पुन्हा येत आहे, संथ आणि जड. मला स्वच्छ ऐकू येते आहे.