चौथी घडी

बाईंनी मनगटावरचं घड्याळ मशीनच्या तोंडाशी नेलं आणि बाहेर पडणारी चादर मोजली. बारा सेकंद. पुढची, बारा. त्याच्या पुढचीही बाराच. वाळून, इस्त्री होऊन, घडी पडून चादर समोर हजर.

"झालं समाधान?" मेकॅनिकने पाना पिशवीत टाकला. "चौथ्यांदा आलोय मी. मशीन हळू नाहीये, बाई. तुमच्या चादरी जातात कुठे, ते शोधा."

"चादरींना काय पाय फुटतात?"

"ते मला काय माहीत? मी मशीनपुरता."

तो गेला. इस्पितळाचं हे धुलाईघर बाई सव्वीस वर्षं सांभाळत होत्या. सगळं हातांनी व्हायचं तेव्हा दहाच्या ठोक्याला सहाशे चादरी वॉर्डांत पोचायच्या. एवढं महागडं मशीन आलं आणि कामाचे बारा वाजले, अगदी घड्याळातसुद्धा. अंग पुसून झालेले रुग्ण उघड्या गादीच्या कडेला ताटकळत बसायचे. काल साहेबांनी बोलावून घेतलं आणि कागदावरून नजर न उचलता म्हणाले, "शनिवारपर्यंत घडी बसली नाही तर काम बाहेर देऊ. तुमची चौदा माणसं कुठे कुठे पाठवायची, ते मग बघता येईल."

आज गुरुवार होता. घड्याळात साडेआठ.

मशीन आलं त्याच महिन्यात बाईंचं टेबल वरच्या मजल्यावर हललं होतं. तिथे अहवाल भरायचे, बैठकांना बसायचं, मशीनच्या कंपनीला खरमरीत पत्रं धाडायची. खाली येणं व्हायचं ते ओरडण्यापुरतं.

"देवा, आता तूच डोळे दे," असं पुटपुटत त्या भरलेल्या ढकलगाडीच्या मागोमाग निघाल्या. गाडी वॉर्डाकडे वळेल असं त्यांनी धरलं होतं. ती वळली उलटीकडे, खांबामागच्या जुन्या टेबलापाशी.

टेबलाभोवती चौघीजणी उभ्या होत्या. एकीने मशीनची चादर उचलली, झटकून पार उलगडली, टोकाला टोक भिडवलं आणि पहिल्यापासून घडी घालायला घेतली. बाकीच्या तिघींचंही तेच चाललं होतं. हात असे सराईत की बघत राहावं.

"हे काय चाललंय?"

"घडी," चिमणी म्हणाली. आवाज बारीक म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. अंगानं मात्र ती चांगली दांडगी होती.

"मशीननं घातलीय ना?"

"मशीन तीनच घालतं. आपली चौथी राहते. आतल्या बाजूची, म्हणून सगळी उलगडावी लागते."

"आणि ही चौथी घालायला तुम्हाला सांगितलं कुणी?"

चौघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"तुम्हीच की," चिमणी म्हणाली. "मी लागले त्या दिवशी. चौथी घडी आत नसेल तर चादर माझ्यासमोर आणू नकोस, म्हणालात. माझी एक भिरकावलीत पण. त्या तिकडे, खिडकीपर्यंत."

"अगं, त्याला जमाना झाला! मशीन आल्यावर एकदा विचारायचं नाही?"

"विचारलं होतं ना, पहिल्याच दिवशी. तुम्ही फोनवर होतात. हात वर केलात आणि म्हणालात, आपली पद्धत बदलणार नाही."

"हो, म्हणालात," तिघींनी री ओढली.

"मी हजेरीबद्दल बोलत होते गं! हजेरीच्या पद्धतीबद्दल!" बाईंनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "तीन महिने! सहाशे चादरी उलगडायच्या आणि परत घालायच्या! एकीला तरी वाटावं, हे काय खुळ्यासारखं?"

"वाटलं की," चिमणी म्हणाली. "रोज वाटतं."

"मग बोलली का नाहीस?"

चिमणीने खिडकीकडे पाहिलं आणि हातातल्या चादरीवर बोट फिरवलं.

कोपऱ्यात डॉक्टरांचे कोट इस्त्री करणारे काका ऐकत होते. त्यांनी इस्त्री उभी ठेवली.

"बाई, रागावू नका. एकोणीस वर्षं पोटात ठेवलंय, विचारून टाकतो. ती चौथी घडी आत का असते हो?"

बाईंनी तोंड उघडलं. स्वच्छता, असं म्हणावं. शिस्त म्हणावं. दोन्ही शब्द ओठांपर्यंत आले.

"कपाट," त्या म्हणाल्या.

"कुठलं कपाट?"

बाईंनी भिंतीकडे बोट केलं. तिथे पिण्याच्या पाण्याचं यंत्र गुरगुरत होतं. "इथे होतं. लाकडी. फळ्या अरुंद होत्या, तीन घड्यांची चादर बाहेर लोंबायची. माझ्या आधीच्या बाईंनी चौथी घालायला लावली. मी लागले आणि वर्षभरात कपाट वाळवीनं खाल्लं."

मग चिमणीला ठसका लागला. ठसका कसला, हसू. तिच्या मागून दुसरी, मग काका, आणि कपाळाला हात लावून उभ्या बाईही. डोळ्यांना पाणी येईपर्यंत सगळे हसले.

"पुरे," बाई म्हणाल्या. "तीनच राहू द्या. भरा गाड्या."

त्यांनी स्वतः पदर खोचला. मशीनमधून चादरी येत होत्या, त्या उचलून गाडीत ठेवायच्या, एवढंच काम. चौथ्या-पाचव्या चादरीला चिमणीने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. बाईंनी खाली पाहिलं. त्यांच्याच हातांनी चादर उलगडून चौथी घडी आत घातली होती. आधीच्या साऱ्यांनाही.

चिमणीने ती सोडवली आणि चादर गाडीत ठेवली. "बाई, तुम्ही जरा बाजूला बसता का? उशीर होतोय."

दहाला सात मिनिटं कमी असताना शेवटची गाडी दारातून बाहेर पडली. चाकांचा आवाज वॉर्डाच्या दिशेने विरत गेला. वरच्या मजल्यावर बाईंचा फोन वाजत होता; तो खालपर्यंत ऐकू येत होता. त्या जिन्यापर्यंत गेल्या, कठड्यावर हात ठेवला आणि वळल्या.

"मी सांगितलं म्हणून तुम्ही आणखी काय काय करता?"

काकांनी इस्त्रीचं बटण बंद केलं. चिमणीने हात पुसले, टेबलाखालचं स्टूल पायाने पुढे सरकवलं.

"बसा, बाई," ती म्हणाली. "वेळ लागेल."