मिटलेली बटणं

घरात तिला सगळे भागुबाई म्हणत. नाव नवऱ्याने ठेवलं होतं, लिफ्टचं दार लागताना बायको डोळे घट्ट मिटून घेते हे त्याच्या लक्षात आलं त्या दिवशी. ती लिफ्टला भिई, कुकरच्या शिट्टीला भिई, गॅस बंद केला की नाही हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत येई. थट्टेचा तिला राग येत नसे. घाबरणाऱ्या माणसाला किती गोष्टींवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं, हे बिनधास्त लोकांना कुठून कळणार?

पण घर बदललं त्या दिवशी ती एकटी घाबरलेली नव्हती. त्या दिवशी अख्खं घर धास्तावलं होतं, कारण सासऱ्यांचा समुद्र हलवायचा होता.

समुद्र म्हणजे हॉलच्या भिंतीशी ठेवलेली काचेची टाकी. एक माणूस आत आडवा झोपेल एवढी मोठी. सासऱ्यांचं चष्म्यांचं दुकान होतं, आणि दुकान बंद केल्यावर उरलेला सगळा जीव ते या टाकीत ओतत. आत खारं पाणी, दगड, दगडांवर वाढलेली प्रवाळं आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांची एक म्हातारी जोडी. सून म्हणून ती नवी आली तेव्हा त्यांनी तिला शेजारी उभं करून सांगितलं होतं, ‘हे दगड जिवंत आहेत बरं का. यांच्या भोकाभोकांत न दिसणारे जीव राहतात, ते पाणी साफ ठेवतात. दगड वाळला की ते मरतात, ते मेले की पाणी नासतं, आणि मग मासे.’ ती तेव्हापासून दगडांनाही भिऊ लागली.

गेल्या वर्षी सासऱ्यांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. कळत सगळं होतं, पण बोलायला गेले की घशातून नुसता घरघर आवाज येई आणि त्यांच्याच डोळ्यांत पाणी उभं राही. मग त्यांनी बोलायचा प्रयत्नच सोडला. सकाळी चाकाच्या खुर्चीत बसत ते टाकीकडे तोंड करून, ते थेट झोपायच्या वेळेपर्यंत. त्या इमारतीला लिफ्ट नव्हती, तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून खुर्ची खाली नेणं म्हणजे दिव्य होतं, म्हणून तळमजल्यावरचं घर बघितलं. तेव्हा नवरा एकदा स्वयंपाकघरात हलक्या आवाजात म्हणाला होता, “टाकी गेली तर बाबा जातील.” एकदाच म्हणाला. पण भागुबाईच्या कानात ते वाक्य घर करून बसलं.

सासूबाईंचं दुःख वेगळं होतं आणि त्या ते स्वच्छतेत बुडवत. त्यांच्या घरात धूळसुद्धा परवानगी घेऊन बसायची. नवऱ्याचं खाणंपिणं, अंघोळ, कपडे, सगळं त्या तळहातावरच्या फोडासारखं जपून करत. मात्र सासऱ्यांना काही विचारणं त्यांनी बंद केलं होतं. आयुष्यभर ज्या बाईने ‘अहो, पडदे कुठले लावू’ इथपासून सगळं नवऱ्याला विचारलं, ती आता त्यांच्या वतीने स्वतःच उत्तरं देई. “चहा हवाय ना, हो, हवाच आहे.” एकदा भाजी निवडताना सुनेला म्हणाल्या होत्या, “विचारलं आणि उत्तर आलं नाही ना, की माझ्या आत काहीतरी तुटतं गं. त्यापेक्षा नकोच.”

तर तो दिवस. सकाळपासून नवऱ्याने टाकीतलं जुनं पाणी पिंपांत भरून घेतलं. मासे झाकणाच्या बादल्यांत गेले, प्रत्येक बादलीत बॅटरीवर चालणारा हवेचा पंप बुडबुडे सोडत होता. दगड टबांत, पाण्याखाली बुडवून. तळाची वाळू उकरली तेव्हा नासक्या अंड्यांसारखा भपकारा आला. ती वाळू बाहेर फेकली आणि रिकामी टाकी हमालांनी जिन्यावरून खाली उतरवली. प्रत्येक वळणावर काच कठड्याला घासेल असं वाटे आणि भागुबाई भिंतीला पाठ लावून उभी राही. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण ब्र काढायची सोय नव्हती. हमालांनी आधीच तिला दोनदा बाजूला व्हायला सांगितलं होतं.

आणि सगळं नीट झालं. टाकी धडकली नाही, बादली सांडली नाही, टेम्पो पंक्चर झाला नाही. नव्या घरात टाकी जागेवर बसली, नवऱ्याने पाणी ओतायला घेतलं, एकेक दगड आत जाऊ लागला. सासऱ्यांची खुर्ची समोर लावली होती. भागुबाईला वाटलं, सुटलो. तिच्यासारख्या बाईने असं कधी वाटून घेऊ नये.

सासरे डाव्या हाताने खुर्चीचा दांडा बडवू लागले.

“बाबा, सगळं व्यवस्थित चाललंय. काळजी करू नका,” नवरा कोपरापर्यंत पाण्यात हात घालून म्हणाला.

ते बडवतच राहिले. चेहरा लाल झाला, घशातून घरघर येऊ लागली. भागुबाई धावत जाऊन त्यांच्यासमोर उकिडवी बसली. त्यांनी डाव्या हाताचं बोट टाकीच्या पुढच्या कोपऱ्याकडे केलं. कोपरा रिकामा होता. मग त्यांनी तोच हात स्वतःच्या छातीवर आणला, शर्टाचं बटण चिमटीत धरलं आणि ओढलं. पुन्हा कोपऱ्याकडे बोट. पुन्हा बटण.

“बटणांचा दगड,” ती म्हणाली. “अरे, बटणांचा दगड कुठाय?”

“शेवटच्या टबात होता. आईने आत नेला मघाशी. स्वच्छ पाणी घालते म्हणाली.”

त्या दगडावर एक प्रवाळ वाढलं होतं, शर्टाच्या बटणांएवढ्या गोल गोल तोंडांचं. कडा हिरवी, मध्ये केशरी. घरात त्याचं नाव बटणं. दिसायला टाकीतलं सगळ्यात गोजिरवाणं तेच होतं, पण त्या दगडाला हात लावायचा तर सासरे कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवत आणि डोळ्यांना गॉगल लावत. भागुबाईने एकदा कारण विचारलं होतं. ते म्हणाले होते, ‘यात विष असतं. जखमेत गेलं तर वाईट, आणि गरम पाणी पडलं तर त्याहून वाईट. वाफेबरोबर वर येतं आणि खोलीत जो असेल त्याच्या छातीत जातं. तू मुळातच भित्री आहेस म्हणून तुला सांगून ठेवतो, तू विसरणार नाहीस.’ सासूबाई तिथेच होत्या. हसून म्हणाल्या होत्या, ‘मासे पाळलेत की साप?’

भागुबाई त्या रात्री झोपली नव्हती आणि विसरलीही नव्हती. आता तिला ऐकू आलं: न्हाणीघराच्या बंद दाराआड गीझरचं पाणी जोरात पडत होतं, आणि ब्रश दगडावर खसाखसा घासला जात होता.

“बाबांना बाहेर ने,” ती नवऱ्याला म्हणाली. “आत्ताच्या आत्ता. दारं-खिडक्या सगळं उघड आणि बाबांना घेऊन अंगणात जा.”

“अगं, पण पंप अजून—”

“जा.”

तिने इतक्या वर्षांत त्याला कधी असं सांगितलं नव्हतं. तो हात पुसायलाही थांबला नाही.

तिने न्हाणीघराचं दार ठोठावलं. “आई, दार उघडा. पाणी बंद करा आणि बाहेर या.”

“येते गं.” मग खोकला. “ह्यांना इकडे आणू नकोस, एवढं बघ.” पुन्हा खोकला, या वेळी थांबेचना. “तोंडात कसलीतरी विचित्र चव येतेय. नाणं चघळल्यासारखी.”

“आई, तो दगड सोडा. विष आहे त्यात.”

कडी सरकल्याचा आवाज आला, पण दार उघडलं नाही. पलीकडे काहीतरी जड दाराला टेकलं आणि खाली घसरलं.

खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला पळून जावंसं वाटलं. पाय दाराच्या उलट दिशेला वळलेसुद्धा. घाईत टॉवेल पिंपातल्या पाण्यात बुडवताना अर्धा बाहेरच राहिला. तो तिने तोंडावर दाबला, श्वास कोंडला आणि खांदा लावून दार ढकललं. आत वाफच वाफ. सासूबाई फरशीवर बसल्या होत्या, हातात अजून ब्रश, समोर पांढराफटक पडलेला दगड. भागुबाईने नळ बंद केला, त्यांना काखेत धरलं आणि फरफटत बाहेर ओढलं, हॉलमधून, टाकी आणि बादल्यांच्या मधून, उंबरठ्यापलीकडे. वाटेत कुठेतरी तिचा श्वास सुटला आणि जिभेवर कडवट, लोखंडी चव आली.

अंगणात सासूबाईंना हुडहुडी भरली. ओठ निळसर पडले. छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि तरी श्वास पुरत नव्हता. नवऱ्याने गाडी काढली, आणि दार उघडताना तो एकदा मागे वळला. आत अर्धी भरलेली टाकी होती, बंद पंप होता, बादल्यांत बाबांचा सगळा समुद्र होता. सासऱ्यांनी डाव्या हाताने त्याच्या पाठीत जोरात ढकललं, गाडीकडे. ते स्वतः घराकडे बघतही नव्हते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “काय खाल्लं होतं?”

“खाल्लं नाही. दगड धुतला. प्रवाळाचा. गरम पाण्याने,” भागुबाई म्हणाली. तिची बोबडी वळली होती. जो तो तिच्याकडे बघत होता, आणि एका क्षणी तिलाच वाटलं, आपण नेहमीसारखं काहीतरी खूळ तर घेऊन बसलो नाही? पण तिने सासऱ्यांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. डॉक्टरीणबाई फोन करायला आत गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता.

“बरं झालं सांगितलंत,” त्या म्हणाल्या. “यावर उतारा असं औषध नाही. प्राणवायू देऊ, हृदयावर लक्ष ठेवू. उद्यापर्यंत काही सांगता येणार नाही. आणि तुम्हीही त्या खाटेवर आडव्या व्हा.”

उद्यापर्यंत. भागुबाई मास्क लावून पडली आणि पडद्यापलीकडच्या यंत्राची टिकटिक ऐकत राहिली. एक ठोका जरा उशिरा पडला की तिच्या काळजाचं पाणी होई. आजवर ती हजार गोष्टींना घाबरली होती, पण त्या झाल्या नव्हत्या. झालेल्या गोष्टीची भीती अशी असते हे तिला माहीत नव्हतं: तिच्यापासून पळायला जागाच नसते. सासरे बाहेर खुर्चीत बसून होते. नवरा त्यांना घरी नेण्याविषयी काही बोलला की दांडा बडवत.

दुसऱ्या दिवशी यंत्राचा ठोका सरळ चालू लागला. दुपारी मास्क काढला तेव्हा सासूबाईंचा आवाज फाटलेला होता, पण आवाज होता. त्याच सुमारास नवरा घरी जाऊन परत आला. बॅटऱ्या संपल्या होत्या. तो दाराशी खुर्चीत बसलेल्या बापासमोर गुडघ्यांवर बसला.

“बाबा, मासे गेले,” तो म्हणाला. “दोघंही.”

सासऱ्यांनी डोळे मिटले. मग डोळे उघडून त्यांनी बोटाने सासूबाईंच्या खाटेकडे खूण केली: खुर्ची तिकडे घे. नवऱ्याने घेतली.

“मला वाटलं, मेली ती बटणं,” सासूबाई छताकडे बघत म्हणाल्या. “टब उघडला तर सगळी मिटलेली, काळपट, बुळबुळीत. म्हटलं, ह्यांनी बघण्याआधी निदान दगड तरी स्वच्छ करून ठेवावा. लख्ख दिसला तर कमी वाईट वाटेल.”

“मेली नव्हती, आई,” भागुबाई म्हणाली. तिला रडू येत होतं आणि ते तिने येऊ दिलं. “हलवलं की मिटतात ती. थोडे दिवस गेले की परत उघडतात.”

सासूबाईंनी मान वळवली आणि सासऱ्यांकडे बघितलं, एखाद्या खोलीत बऱ्याच दिवसांनी पाऊल टाकावं तसं जपून.

“तुम्ही तिथेच होतात. तुम्हाला विचारायला हवं होतं मी.”

सासऱ्यांचा डावा हात चादरीवरून सरकत आला आणि सासूबाईंच्या मनगटाजवळ थांबला.

“अहो,” त्या म्हणाल्या, “टाकी पुन्हा लावायची का?”

नवरा काहीतरी बोलायला गेला. भागुबाईने त्याचा दंड धरला. सासऱ्यांचे ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले. घशातून घरघर आली. सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला होता, पण त्यांनी सासऱ्यांच्या वतीने उत्तर दिलं नाही.

वेळ लागत होता. त्या थांबल्या.