न दिसणारी जाळी

माझा धंदा बाल्कनीला कबुतरांची जाळी बसवायचा. सानपाड्यापासून जुईनगरपर्यंत निम्म्या टॉवरांवर लटकलोय मी. अठरा वर्षं पाखरांना घराबाहेर ठेवण्यात गेली, त्यामुळे उझमा मॅडमनी पाखरांसाठी पिंजरा बांधायला बोलावलं तेव्हा बायको पोट धरून हसली.

मॅडम शाळेत शिकवतात आणि वन खात्याच्या परवानगीने जखमी पाखरं सांभाळतात. नावड्याला त्यांच्या अब्बांची मोकळी जागा आहे, तिथे काम होतं. एका बुलबुलाचा पंख मोडलेला. हाड जुळलं होतं, पण दोन महिने खोक्यात बसून पंखात ताकद उरली नव्हती. मोकळ्या हवेत, वीस फुटी पिंजऱ्यात तीन आठवडे उडाला की त्याला सोडून द्यायचं. मॅडमचा सगळा जीव त्या मूठभर पाखरात.

त्यांनी वहीच्या पानावर काढून दिलं. एकामागे एक दोन दारं, म्हणजे आपण आत शिरताना पाखरू निसटू नये. उंदीर-साप येऊ नयेत म्हणून खाली पत्रा. कोपऱ्यात बसायला फांदी. आणि बाजूंना काळी, जाड, बारीक भोकांची जाळी. सगळं ऐकलं मी. जाळीचं सोडून.

आता माझं डोकं बघा. काळी जाळी म्हणजे आमच्या लाइनीत फालतू माल. गिऱ्हाईक पहिलं हेच विचारतं, बाहेरचं दिसणार ना? माझ्याकडे पारदर्शक नायलॉनचा भारी रोल पडून होता. म्हटलं, बिचाऱ्याला झाडं तरी नीट दिसू देत. मॅडम शाळेत असताना लावून टाकली आणि स्वतःचीच पाठ थोपटली. अशी ताणली होती की मलाच हात लावून बघावं लागत होतं.

संध्याकाळी मॅडम खोका घेऊन आल्या. मी तो हातात घेतला, दोघं आत शिरलो, मागचं दार लावलं. त्यांनी इकडेतिकडे बघून विचारलं, जाळी कुठाय? मी हसून म्हटलं, तीच तर गंमत आहे. तोवर झाकण काढलंही होतं मी.

बुलबुल सुटला तो सरळ बाहेरच्या करंजाकडे. दोन महिन्यांत पहिल्यांदा पूर्ण जोरात उडाला आणि मधेच हवेत आपटला. खाली पडला तेव्हा तोच पंख उलटा वळला होता.

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी त्याला ओढणीत उचललं आणि रिक्षा करून डॉक्टरकडे गेल्या. मी तिथेच शिडीच्या पायरीवर बसलो. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कोणी न सांगता जाऊन नायलॉन कापून काढलं, काळी जाळी लावली.

महिन्याने त्यांनी बोलावलं. बुलबुल खोक्यातून चालत बाहेर आला. उड्या मारत फांदीच्या खालच्या टोकावर जाऊन बसला.

"आता हा इथेच राहणार, कुंदनभाऊ," मॅडम म्हणाल्या. "ही जाळी किती वर्षं टिकेल?"

"पाच. आणि हा?"

"नीट सांभाळला तर दहा-बारा."

"मग दोनदा बदलावी लागेल," मी म्हटलं. "मी येईन."